मेरी रोझवरचे तिरंदाज

नमस्कार श्रोतेहो. इंग्लंडचं लांब धनुष्य माणसाच्या उंचीचं किंवा त्याहूनही उंच, यू नावाच्या झाडाच्या एकाच लाकडातून तासलेलं. आपल्या हिमालयातला थुनेर या झाडाचा भाऊबंद. त्याचा तांबूस गाभा दाब सोसतो, सालीलगतचं पांढरट लाकूड ताण सोसतं. म्हणून गाभा तिरंदाजाकडे, पांढरं लाकूड शत्रूकडे. पुन्हा सांगतो, गाभा आपल्याकडे, पांढरं समोर.

क्रेसी 1346, आजँकूर 1415. फ्रान्सच्या भूमीवर या धनुष्याने इंग्लंडला जिंकून दिलेल्या या लढाया राजांच्या नावावर जमा झाल्या, हे मला कायम खटकतं. जिंकल्या त्या शेतकऱ्यांच्या पोरांनी.

असे तिरंदाज कसे असत, हे कळलं पुढच्या काळातल्या एका बुडालेल्या जहाजामुळे. 19 जुलै 1545. पोर्ट्समथजवळच्या समुद्रात फ्रेंच आरमाराशी लढाई चालली होती. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री किनाऱ्यावरून बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं जहाज मेरी रोझ कलंडलं. शत्रूला चढता येऊ नये म्हणून डेकवर जाळं बांधलं होतं. त्याच जाळ्याने आपल्याच माणसांना कोंडलं. सुमारे 500 जणांतले 35सुद्धा वाचले नाहीत.

पुढे पाणबुडे उतरले, आणि 1982 मध्ये जहाजाचा सांगाडा वर आला. गाळात काय सापडावं? 130 हून जास्त अख्खी धनुष्यं आणि हजारो बाण! चारशेहून जास्त वर्षं पाण्यात राहूनही लाकडावर अवजाराचे माग दिसत होते, कारागिरांनी टोचलेल्या खुणाही. दोरी अडकवायच्या शिंगाच्या टोप्या विरघळून गेल्या होत्या, पण त्या जिथे बसत, तिथलं लाकूड फिकट राहिलं होतं.

आणि माणसं? खांद्याच्या फऱ्याच्या टोकाचं हाड एरवी विशी-पंचविशीपर्यंत सांधून एकजीव होतं. इथल्या कितीतरी सांगाड्यांत ते सांधलेलंच नव्हतं. अभ्यासकांच्या मते, हा लहानपणापासून धनुष्य ओढल्याचा परिणाम. त्यातली बरीच धनुष्यं पूर्ण ताणायला 45 किलोहून अधिक जोर लागत असावा. राजा तिसऱ्या एडवर्डने 1363 मध्ये सुट्टीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव सक्तीचा केला होता, तो यासाठीच. लहानपणापासून, श्रोतेहो, लहानपणापासून! हल्ली आपण मुलांना पंधरा दिवसांच्या शिबिरात घालतो आणि कला आली म्हणतो. हाताला वर्षं द्यावी लागतात.

त्या तिरंदाजांची नावं कुठल्या कागदावर नाहीत. पोर्ट्समथच्या संग्रहालयात त्यांची धनुष्यं आहेत, त्या फिकट टोकांसकट.