इतिहासकाराचं स्वतःचं दफ्तर

नमस्कार श्रोतेहो.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. पत्नी ऐन तरुणपणी गेली होती आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं. संसार म्हणावा असा मागे नव्हताच. मागे राहिले ते कागद.

हे कागद दोन जातींचे होते. एक, त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले: मोडीतली पत्रं, सनदा, वंशावळी, पोथ्या, बाडं. त्यांचं मोल कुणाला सांगावं लागत नव्हतं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली निघाला, तो वाईत सापडलेल्या पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पुढे एकूण 22 खंड झाले. पण दुसऱ्या जातीचे कागद राजवाड्यांचे स्वतःचे होते. शब्दांच्या व्युत्पत्तीची टिपणं, क्रियापदांच्या धातूंच्या याद्या, गावांच्या नावांची जुळवाजुळव, अर्धवट राहिलेले लेख. असल्या कागदांचं आपल्याकडे सहसा काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेरावं उरकलं की माळा आवरायला काढतात.

धुळ्यात तसं झालं नाही. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सोबत्यांनी जानेवारी 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि दोन्ही जातींचे कागद तिथं ठेवले. भटांचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. माझ्या मते महाराष्ट्राच्या इतिहासलेखनावर त्यांचे जे उपकार आहेत, त्यांची आपण नीट नोंदही घेतलेली नाही.

त्या दुसऱ्या जातीच्या कागदांतून काय निघालं, ते पाहा. भाषाभ्यासक कृ. पां. कुलकर्णी यांनी राजवाड्यांची टिपणं हाती घेतली आणि 1937 साली मराठी धातुकोश छापून झाला. 1942 साली नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश आला. म्हणजे माणूस जाऊन दहा-पंधरा वर्षं झाल्यावर त्याचे दोन कोश वाचकांच्या हातात पडले. बऱ्याच पुढे मु. ब. शहा यांनी राजवाड्यांचं समग्र साहित्य संपादित करून याच मंडळातर्फे काढलं. माळा आवरला गेला असता तर यातलं बरंचसं रद्दीच्या भावात गेलं असतं.

आता कुणी म्हणेल, त्या व्युत्पत्त्या तरी सगळ्या कुठे टिकल्या? खरं आहे. राजवाड्यांच्या पुष्कळ व्युत्पत्त्या पुढच्या पंडितांनी मान्य केल्या नाहीत. गडी मोठा हट्टी. एकदा एखाद्या शब्दाला पाणिनीपर्यंत नेऊन भिडवायचं ठरवलं की ते भिडवल्याशिवाय थांबायचे नाहीत. पण हट्टाचीसुद्धा वाट कागदावर दिसते. छापील पुस्तक नुसता निकाल सांगतं, तर टिपणात पुरावा आणि तर्क यांची सांधेजोड उघडी असते. ती पाहिली की चूक नेमकी कुठे झाली तेही कळतं.

हे हाती नसलं तर काय पंचाईत होते, त्याचंही उदाहरण राजवाड्यांचंच आहे. 1909 साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली. ती पोथी बीडकडे मिळालेली. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. आपल्याला मिळालेली पोथी त्याच्याही आधीची आहे, असं राजवाड्यांचं म्हणणं होतं. 1960 साली सरकारने ज्ञानेश्वरी काढली, तीही याच राजवाडे प्रतीच्या आधाराने. इतकी महत्त्वाची ती पोथी. पण ती छापून झाल्यावर पुढच्या अभ्यासकांच्या हाती काही लागली नाही. तिचं काय झालं याच्या ऐकीव गोष्टी मात्र भरपूर. कागद कोणता, अक्षर कोणत्या वळणाचं, पान कुठे फाटलेलं, खाडाखोड कुठे, हे आता तपासता येत नाही. राजवाड्यांवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, एवढंच आपल्या हातात उरलं. ज्या माणसाने ‘अस्सल कागद दाखवा’ असा धोशा जन्मभर लावला, त्याच्याच बाबतीत हे व्हावं!

राजवाडे सगळ्या महाराष्ट्राचे. पण आज मला बोलायचं आहे ते तुमच्या-आमच्या तालुक्यातल्या इतिहासकारांबद्दल. जवळजवळ प्रत्येक गावात असा एखादा माणूस असतो किंवा होऊन गेलेला असतो. बहुधा शाळेतला मास्तर, कधी वकील, कधी तलाठी, कधी कीर्तनकार. रविवारी सायकल काढून शिवारं पालथी घालणारा. आयुष्यात एखादं पुस्तक पदरमोड करून छापतो, शाळेच्या स्मरणिकेत चार लेख लिहितो. बाकीचं सगळं वह्यांत राहतं.

आमच्या वाचनालयात अशाच एका निवृत्त शिक्षकांच्या दोन पत्र्याच्या पेट्या आल्या. घरच्यांनी स्वतःहून आणून दिल्या. उघडल्या तर वरच लग्नपत्रिकांचा गठ्ठा. आमच्या शिपायाने तो रद्दीत टाकायला उचललाही होता. पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बारीक अक्षरात वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांची, टिपणं होती. एका टिपणात लिहिलंय: देवळाच्या उत्तरेला चाळीस पावलं, बांधावर, बाभळीखाली, उंची अडीच हात, खालच्या चौकटीत गाई, मधल्या चौकटीत घोडेस्वार, वर शिवलिंग आणि पुजारी. कुणी दाखवला त्या गुराख्याचं नाव आणि तारीखही आहे.

तो वीरगळ आज बांधावर नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी उचलून देवळाच्या पारावर बसवला आणि शेंदरी ऑइलपेंट फासला. आता त्याची पूजा होते, चांगलंच आहे. पण खालच्या चौकटीतल्या गाई रंगात बुडाल्या. खाली गाई म्हणजे गोधन राखताना पडलेला वीर, असा अर्थ सर्वसाधारणपणे लावतात. आणि लढाई कुठे झाली असावी याचा अंदाज बांधायचा तर दगड मुळात कुठे उभा होता हे कळायला हवं. ते आता त्या लग्नपत्रिकेच्या पाठीवरच आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

पेटीत आणखी बरंच होतं. वेशीच्या कमानीवरच्या लेखाचा कागदावर घेतलेला ठसा; ती वेस पुढे रस्तारुंदीत गेली. 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि खडी फोडण्याच्या कामाबद्दल बायकांनी सांगितलेल्या हकिगती. संशोधकांची पोस्टकार्डं. आणि मधूनच एस.टी.ची तिकिटं, किराण्याची यादी, औषधाची चिठ्ठी. आमच्यातल्या एकांचं म्हणणं पडलं, आपण विषयवार लावू: देवळं एकीकडे, दुष्काळ एकीकडे, फालतू चिठ्ठ्या बाजूला. मी म्हटलं, हात लावायचा नाही. अभिलेखागारातला पहिला धडाच असा, की कागद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने राहू द्यायचे. ज्या टिपणावर तारीख नाही, त्याच्या शेजारचं तिकीट तारीख सांगतं. हे पोस्टकार्ड या वहीत का खोचलं, तर याच पानावर त्या प्रश्नाचं उत्तर आहे म्हणून. विषयवार लावलं की हा सगळा धागा तुटतो, आणि एकदा तुटल्यावर तो कुणालाच जोडता येत नाही.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पेशवाईतलं मोडी पत्र आणि 1960-70 सालातली शाळेची वही शेजारी ठेवा. दोनशे वर्षांचं पत्र घडी घातली तरी तुटत नाही. पन्नास वर्षांची वही मात्र कोपऱ्याला बोट लागलं की टवका निघतो. कारण साधं आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरला जो हातकागद व्हायचा तो चिंध्यांचा, तागाचा. त्याचे तंतू लांब आणि चिवट. वहीचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात तुरटीचा अंश, म्हणून तो आतूनच आम्ल होत जातो आणि स्वतःला खातो. शाईचंही तसंच. जुनी शाई काजळाची, ती उन्हाने उडत नाही. पाणी लागलं तर मात्र ओघळते. आपली निळी शाई उन्हातही फिकटते आणि पाण्यातही पसरते. म्हणजे मास्तरांनी ज्या सनदेची नक्कल उतरून घेतली ती सनद टिकेल, आणि मास्तरांची वही आधी जाईल. शिवाय त्या घरच्यांनी मधल्या काळात सनद विकली असेल, तर मग दोन्ही गेलं.

सनदा विकतात, लपवतात, हे काही आजचं नाही. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन आलं आणि पुरावा नसलेली इनामं सरकारजमा होऊ लागली. तेव्हापासून दफ्तर मागायला कुणी आलं की घरचे दचकायचे. राजवाड्यांनाही हा अनुभव पदोपदी आला. मुद्दा असा, की गावातल्या कागदवाल्या घरांचा विश्वास मिळवायला त्या मास्तरांची वीस-वीस वर्षं गेलेली असतात. कुणाच्या घरी काय आहे, कुणी काय दाखवलं, कुणी दारातून परत पाठवलं, हे त्यांच्या वहीत असतं. पुढच्या अभ्यासकाला ती वही म्हणजे पुरी वाटाडीच.

आता थोडं व्यवहाराचं. तुमच्या घरी वडिलांचे, आजोबांचे, काकांचे असे कागद असतील तर सगळ्यात आधी आवराआवर थांबवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा चिकट तेलकट डाग कागदात मुरतो आणि टेप निघून गेली तरी डाग राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. लोक फार प्रेमाने करतात आणि कागदाचा गळा घोटतात. स्टेपलच्या पिना, टाचण्या गंजतात, त्या हळूच काढा, पण कोणते कागद एकत्र टाचलेले होते ते एका पाकिटात तसेच राहू द्या. काही लिहायचं झालं तर पेन्सिलीने. फोटो असतील तर आजच घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला जवळ बसवा आणि कोण कोण आहेत ते विचारून मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. गठ्ठा धुतलेल्या सुती कापडात बांधा, आपल्याकडे दफ्तरं रुमालात बांधायचे ते काही उगीच नाही. वेखंडाची पुरचुंडी ठेवली तर बरंच. आणि पेटी जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात.

मोबाइलवर फोटो काढून ठेवले की झालं, असं तरुण मंडळी सांगतात. काढाच, माझी ना नाही. पण फोनमधल्या हजारो फोटोंत तो कागद कोणता, कुठल्या वहीतला, हे सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. फोटो काढताना वहीवर क्रमांक घाला, त्याच क्रमाने काढा. आणि फोटो काढले म्हणून मूळ कागद टाकू नका. ज्ञानेश्वरीची हकिगत मघाशी सांगितलीच.

आता द्यायचे कुठे? महाराष्ट्रात गावोगाव सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. सगळ्यांकडे कागद सांभाळायची सोय असेल असं नाही, जाऊन बघा. खोली कोरडी आहे का, कपाटाला कुलूप आहे का, मागणाऱ्याला दाखवतात का आणि दाखवताना शेजारी कुणी बसतं का. इतिहासाचे कागद असतील तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1910 साली राजवाड्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेलं. खानदेशातल्या मंडळींना धुळे जवळ. माझं स्वतःचं मत विचाराल तर कागद शक्यतो गावाजवळ राहावेत. त्या टिपणातली बाभूळ कुठली, हे पुण्यात बसून कोण सांगणार?

ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. देणगी आली की पुस्तकं तेवढी दाखल करून वह्या ‘नंतर बघू’ म्हणून पोटमाळ्यावर टाकण्याची आपली सवय आहे. निदान दाखल रजिस्टरात एक ओळ लिहा: कुणाचे कागद, कुणी दिले, कधी, किती गठ्ठे. पूर्ण सूची होईल तेव्हा होईल.

आणि घरच्यांनो, देण्याआधी एकदा सगळं डोळ्यांखालून घाला. त्यात खाजगी पत्रं असतात, भाऊबंदकीतल्या तक्रारी असतात, उसनवारीचे हिशेब असतात. ती फाडू नका. अमुक गठ्ठा पंचवीस वर्षं कुणाला दाखवू नये, अशी लेखी अट घालता येते; चांगली संस्था ती पाळते. प्रकाशनाचा हक्क कुणाकडे राहणार तेही त्याच कागदावर लिहून घ्या. दोन प्रती करा, दोन्हींवर सही-शिक्का घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. तोंडी बोलण्यावर पेट्या देऊ नका. पदाधिकारी बदलतात, मग अट कुणालाच आठवत नाही.

नमस्कार.