सुपारी ठरते, पण माणसे का टिकत नाहीत?

नमस्कार श्रोतेहो.

आज मला संगीताच्या कार्यक्रमांविषयी बोलायचे आहे. मात्र गायक-वादकांपेक्षा अधिक त्यांच्या आगेमागे राबणाऱ्या माणसांविषयी. ध्वनियंत्रणा लावणारे, प्रकाशयोजनेचे दिवे चढवणारे, रंगमंच उभारणारे, टेम्पो चालवणारे आणि कार्यक्रमागणिक बोलावले जाणारे साथीदार वादक, अशी ही मंडळी आहेत. महाराष्ट्रात कार्यक्रम वाढत आहेत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालत आला आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 2023 मध्ये लोलापलूझा या आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवाचे पहिले भारतीय पर्व झाले, आणि जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन प्रयोग झाले. गणेशोत्सव, नवरात्र, गावोगावच्या जत्रा आणि लग्नसराई यांचा हंगाम तर दरवर्षी असतोच. असे असूनही जाणकार माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, ही तक्रार या व्यवसायातल्या कोणत्याही ठेकेदाराकडून ऐकायला मिळते.

माणसे का टिकत नाहीत, हे समजायला त्यांचा एक दिवस पाहावा लागतो. मैदानावरच्या कार्यक्रमासाठी सकाळीच टेम्पो येऊन लागतो. स्पीकर उतरवायचे, लोखंडी ट्रस, म्हणजे दिवे-स्पीकर टांगण्याचे सांगाडे, जोडून उभे करायचे, त्यावर दिवे आणि स्पीकर चढवायचे, जनरेटरपासून रंगमंचापर्यंत वायरी टाकायच्या आणि लोकांचे पाय अडकू नयेत म्हणून त्या चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बसवायच्या, यात दुपार होते. मग साउंड चेक, म्हणजे आवाजाची चाचणी. संध्याकाळी कार्यक्रम. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला की प्रेक्षक घरी जातात आणि सकाळी जे चढवले ते उतरवायला सुरुवात होते. टेम्पो भरेपर्यंत रात्रीचे दोन-तीन वाजतात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावची सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे ठरलेले काम, असेल, तर तीच पोरे त्याच टेम्पोत, स्पीकरच्या खोक्यांना टेकून, पुढच्या गावाला निघतात. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे गाडी चालवणाराही पुष्कळदा त्यांच्यातलाच, दिवसभर राबलेला असतो.

दहाच्या मर्यादेबद्दल माझी तक्रार नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करतात आणि वर्षातल्या पंधरापर्यंत दिवशीच राज्य सरकारला ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. शेजारच्या रुग्णालाही झोपेचा हक्क आहे. परंतु कार्यक्रम लवकर संपू लागला म्हणून कामगाराचा दिवस लहान झाला, असे मात्र घडले नाही. संध्याकाळच्या प्रयोगासाठी उभारणी आणखी लवकर सुरू करावी लागते, घाई वाढते, आणि घाईत उंचावर चढलेल्या माणसाच्या कमरेला सुरक्षापट्टा आहे की नाही, हे पाहायला कोणी थांबत नाही.

या कामातले कौशल्य बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही केली जात नाही. ख्यालाच्या मैफलीत गायक डोळे मिटून आलापी करत असतो आणि मध्येच दोन बोटे किंचित वर करतो. मॉनिटर, म्हणजे रंगमंचावर गायकालाच ऐकू येण्यासाठी ठेवलेले स्पीकर, सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाला कळते की तानपुरा थोडा वाढवून हवा आहे. तो वाढवताना माइकमधून शिट्टी उठेल, हे त्याला आधीच ठाऊक असते, म्हणून ती शिट्टी ज्या कंपनसंख्येवर उठते, नेमकी तेवढीच पट्टी तो यंत्रावर हलकेच खाली ओढतो आणि सभागृहात बसलेल्या कोणालाही काही घडल्याचे जाणवत नाही. डग्ग्याची घुमक राखायची पण तिने गळा झाकोळू द्यायचा नाही, बासरीच्या माइकवर फुंकेचा आवाज येऊ द्यायचा नाही, हे शिकायला कित्येक हंगाम जातात. असा माणूस तिशीत येतो, लग्न होते, मूल होते, आणि काम थंडावणारे पावसाळ्याचे महिने घर कसे चालवायचे या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यामुळे तो एखाद्या गोदामात किंवा सुरक्षारक्षकाच्या नोकरीत जातो. तिथे पगार मोठा नसेल, पण तो दर महिन्याला येतो. 2020 मध्ये टाळेबंदीने सगळे कार्यक्रम एका दिवसात थांबले तेव्हा गेलेल्यांपैकी अनेक जण परतलेच नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माणूस टिकवण्याची एक जुनी रीत आपल्याकडे आहे, तिच्याकडेही स्वच्छ नजरेने पाहायला हवे. तमाशाचा फड साधारण दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास परततो. पाडव्याच्या आसपास नारायणगावच्या राहुट्यांमध्ये, म्हणजे फडांच्या तंबूंत, जत्रा कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. हंगामापूर्वी फडमालक कलावंतांना आणि कामगारांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. तिच्यावर पावसाळ्यातले घर, आजारपण, मुलीचे लग्न भागते, आणि मग हंगामभर त्या रकमेपोटी काम करायचे. मालकाला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल, कारण पुष्कळदा तोही ही रक्कम व्याजाने उभी करतो आणि एका जत्रेत अवकाळी पाऊस झाला तर तोच आधी बुडतो. परंतु कर्ज फिटले नाही म्हणून थांबलेला माणूस टिकला, असे मला म्हणवत नाही. ज्याला जाण्याची मोकळीक आहे आणि तरीही जो पुढच्या हंगामाला येतो, तोच खरा टिकलेला. शहरातल्या ध्वनियंत्रणेच्या कामगाराला तर उचलीचाही आधार नाही. त्याला दिवसाची हजेरी किंवा नाईट, म्हणजे त्या रात्रीच्या कामाचे पैसे, मिळते. कार्यक्रम रद्द झाला तर तीही बुडते, आणि आयोजकाने ठेकेदाराचे पैसे महिनोन्महिने अडकवले की त्याचा चटका सर्वांत शेवटच्या पोराला बसतो.

कानांचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो आहे, कारण त्याकडे फारच दुर्लक्ष होते. कामाच्या ठिकाणी दिवसाचे आठ तास 85 डेसिबलपर्यंतचा आवाज ही अनेक तज्ज्ञ संस्थांनी धरलेली मर्यादा आहे, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी मानक जाहीर केले, तेव्हा श्रोत्यांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल ही कमाल पातळी ठरवली. श्रोता वर्षातून चार-सहा वेळा अशा आवाजात बसतो. तंत्रज्ञ हंगामात रोज तिथे उभा असतो. ज्याच्या कानांवर त्याचे पोट आहे, त्याला कानातले बोळे पुरवणे आणि कार्यक्रमाच्या मध्यावर माणूस बदलणे, एवढेसुद्धा बहुतेक ठिकाणी होत नाही.

स्त्रियांबद्दलही बोलले पाहिजे. प्रकाशयोजना, ध्वनी आणि रंगमंच व्यवस्थापन या कामांत तरुण मुली येऊ लागल्या आहेत. मैदानावर कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह दूर, आणि रात्री दोन वाजता घरी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, अशा स्थितीत त्या एखाद-दोन हंगामांत निघून गेल्या, तर त्यांना या कामाची आवड नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल.

कायदा इथे कुठे आहे? चित्रपट कामगारांसाठी संसदेने 1981 मध्ये स्वतंत्र कायदे केले आणि त्यांत वादकांचाही समावेश होता. मात्र सकाळी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारा तोच वादक संध्याकाळी रंगमंचावर बसला की त्या संरक्षणाबाहेर जात असे. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यातल्या बहुतांश तरतुदींतून लहान आस्थापना वगळल्या आहेत, आणि ध्वनियंत्रणेचे व्यवसाय प्रामुख्याने लहानच असतात. शिवाय या कामगाराला एक मालक नसतो. आज एक ठेकेदार, उद्या दुसरा, परवा एखादे गणेश मंडळ. मग भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांची स्थिती अगदी अशीच होती: मालक अनेक, काम रोजचे अनिश्चित, आणि म्हातारपणी हातात काही नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा झाला. त्यानुसार मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या प्रमाणात द्यायची जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो, आणि मंडळ त्यातून कामगाराला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि उपचारांची सोय पुरवते. हीच रचना पुढे 1981 मध्ये सुरक्षारक्षकांसाठी वापरली गेली. फ्रान्समध्ये कार्यक्रमांपुरते काम करणाऱ्या कलावंत आणि तंत्रज्ञांना बारा महिन्यांत 507 तास काम भरले की मधल्या रिकाम्या काळात बेकारी भत्ता मिळतो. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे: मालक बदलला तरी कामगाराचे खाते बदलत नाही. प्रत्येक तिकिटामागे आणि प्रत्येक सुपारीमागे ठरावीक लेव्ही घेऊन संगीत रंगमंच कामगारांसाठी असे मंडळ उभारणे या राज्याला अवघड नाही. माथाडी मंडळांच्या कारभारातही दोष शिरले, बोगस नोंदणीच्या तक्रारी झाल्या, हे खरे आहे. नवे मंडळ करताना त्या चुका टाळता येतील, आणि त्यांच्या धास्तीने काहीच न करणे मला पटत नाही.

कायदा होईपर्यंत आपल्यापैकी जे मंडळाचे, सभेचे, जत्रा कमिटीचे किंवा सोसायटीचे पदाधिकारी आहेत, त्यांच्या हातात बरेच काही आहे. सुपारी देताना सर्वांत कमी दर सांगणारा ठेकेदार निवडण्याआधी तो किती माणसे आणणार आणि त्यांना किती हजेरी देणार, हे विचारावे. पाऊस आला किंवा परवानगी नाकारली गेली, तरी कामगारांची त्या दिवसाची मजुरी मिळेल, असे कलम करारात घालावे. कलाकारांसाठी जेवण सांगताना उभारणी करणाऱ्यांची ताटेही त्यातच धरावीत, आणि रात्री सामान उतरवून झाल्यावर चार तास पाठ टेकायला शाळेची खोली किंवा देवळाची ओवरी उघडून द्यावी. शिल्लक रक्कम कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी चुकती करावी. वर्गणीचा हिशेब लागेपर्यंत ती अडवून ठेवू नये. आणि टेम्पोचा चालक वेगळा असेल, दिवसभर त्याने रंगमंचावर ओझी वाहिलेली नसतील, ही अट तोंडी न ठेवता लेखी घालावी.

नमस्कार.