सातव्या बारमधला तो एक सूर

(पियानो शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पोलिश संगीतकार शोपाँचं पहिलं बॅलाड (कथेसारखी उलगडणारी पियानो-रचना), जी मायनर या स्वरपट्टीतलं, ओपस (रचना-क्रमांक) 23. वाजवायला नऊ-दहा मिनिटं. मी त्याच्या शेवटापासून सुरुवात केली होती, कारण कोडाची, म्हणजे शेवटच्या समारोपाच्या भागाची, भीती होती. तीन महिने रोज तोच भाग घोटला. बोटं बसली. पण पूर्ण रचना वाजवली तेव्हा कोडा आला आणि ऐकणाऱ्यांना काहीच झालं नाही, कारण त्याआधी मी काही सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून आज आपण आधी पहिल्या सात बारांत, म्हणजे तालाच्या पहिल्या सात छोट्या खंडांत, थांबू. दोन्ही हात खर्जातल्या सी या सुरावरून एकच सुरावट घेऊन वर चढतात. रचना जी मायनरची, पण कानाला ए-फ्लॅट मेजर वाटतं. आपण कुठे आहोत ते शोपाँ मुद्दाम सांगत नाही. मग सातव्या बारमध्ये एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येतो, त्यात ई-फ्लॅट हा सूर टोचतो. काही जुन्या आवृत्त्यांनी ती छपाईची चूक समजून तिथे डी घातला. दोन्ही वाजवून बघा. (इथे वाजवून दाखवलं.) डी घातला की सगळं गुळगुळीत होतं. ई-फ्लॅटने प्रश्न उघडा राहतो, आणि पुढची मुख्य सुरावट त्या प्रश्नातूनच निघते. हा सूर मऊ करू नका, घाईत सोडूही नका.

त्यानंतर सहा मात्रांची चाल. इथे रुबातो, म्हणजे लय किंचित मागेपुढे करणं, लागतो; पण ते वाटेल तिथे रेंगाळणं नव्हे. डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा असावा, असं शोपाँ शिकवताना सांगत असे, अशी त्याच्या शिष्यांची नोंद आहे. आपल्याकडे गायक बोल लांबवतो, पण तबल्याचा ठेका सुटत नाही. कानाला ओळखीचंच आहे हे. डावा हात एकटा वाजवा, तो नाचला पाहिजे.

दुसरी सुरावट तीनदा येते. पहिल्यांदा ई-फ्लॅट मेजरमध्ये, अगदी दबक्या आवाजात. मग ए मेजरमध्ये पूर्ण ताकदीने, आणि पुन्हा ई-फ्लॅटमध्ये, तीही जोरातच. पहिल्यांदाच गळा मोकळा केला, तर पुढे काय उरणार? शिवाय शोपाँच्या काळच्या प्लेयेल या कंपनीच्या पियानोचा आवाज लवकर विरत असे. आजच्या मोठ्या ग्रँड पियानोवर तेच पेडल (सूर लांबवणारी पायपट्टी) धरून ठेवलं तर सुरांचा चिखल होतो. पाय अधिक वेळा उचलावा लागतो, कधी अर्धाच.

कोडा, प्रेस्तो कॉन फुओको (अतिजलद, आवेशाने), आता घ्या. डावा हात खर्जावरून मधल्या कॉर्डवर उड्या मारतो. या उड्या आधी आवाज न करता, फक्त कळांना स्पर्श करून बसवा. वेग आठवड्याला थोडाच वाढवा. आणि प्रत्येक वेळी कोडाला हात घालण्यापूर्वी त्या सातव्या बारचा ई-फ्लॅट एकदा वाजवून घ्या.