शुल्क तेलावर, सौदा पेंडीवर

लातूरच्या बाजार समितीत सौद्याची वेळ झालीय. खरेदीदार ढिगात हात घालतो, मूठभर सोयाबीन तळहातावर पसरतो, डागी दाणे बोटानं बाजूला सारतो आणि विचारतो, "मॉइश्चर किती?" भाव इथं, या तळहातावर ठरतो असं बघणाऱ्याला वाटतं. पण त्यातला बराचसा भाग दिल्लीतली अधिसूचना आणि कोंबड्यांचं खाद्य ठरवून मोकळं झालेलं असतं.

सप्टेंबर २०२४. पीक काढणीला आलेलं, विधानसभा निवडणूक तोंडावर. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली. केंद्रानं खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर अधिभार धरून ५.५ टक्के होतं, ते २७.५ झालं. रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५. बाहेरचं तेल महागलं की तेलगिरण्या इथल्या सोयाबीनवर तुटून पडतील, असा हिशेब.

महागाई मात्र आधी किराणा दुकानात पोचली. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोया अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. कमी शुल्कात आलेला साठा संपेपर्यंत भाव वाढवू नका, असं सरकारनं कंपन्यांना बजावलं. तरी दिवाळीच्या चकल्या तळायची वेळ आली तोवर तेलाची पिशवी महागलीच होती.

सोयाबीन काही हलेना. याचं उत्तर गिरणीत सापडतं. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं जेमतेम अठरा किलो. उरते ती पेंड, ऐंशी किलोच्या आसपास; ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे तेलबी म्हणायचं, पण गिरणीचं गणित पेंडीवर चालतं. आणि पेंडीला त्या वर्षी कुणी विचारत नव्हतं. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने जोरात होते. त्यांचा उरलेला चोथा, व्यापारी त्याला डीडीजीएस म्हणतात, पेंडीपेक्षा स्वस्त पडत होता. पोल्ट्रीवाले तिकडे वळले. परदेशातही पेंड पडलेलीच. तेलात जे कमावलं ते पेंडीत गेलं. गृहिणीनं जादा मोजलेले पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतील, हे गृहीतच कच्चं होतं. नोव्हेंबरात सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली, त्याचा शेतकऱ्याला निदान थेट उपयोग होता.

शिवाय एक दार उघडंच राहिलं होतं, नेपाळचं. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारामुळे तिथून येणाऱ्या तेलाला शुल्क नाही. नेपाळात सोयाबीन पिकतं ते अगदीच थोडं. तिथले कारखाने परदेशातून कच्चं तेल आणतात, रिफाइन करतात आणि भारतात धाडतात. इकडे शुल्क वाढलं, तिकडे हा धंदा फोफावला. सीमेलगतच्या आपल्या रिफायनऱ्यांनी या मालाशी भावात टक्कर द्यायची कशी? माल तोच, गिऱ्हाईक तेच, फरक फक्त शुल्काचा.

३० मे २०२५ रोजी सरकारनं पाऊल मागं घेतलं, पण अर्धंच. कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं, रिफाइंडचं ३५.७५ तसंच ठेवलं. दोहोंतलं अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेलं. तेल उद्योग हेच मागत होता. बाहेरून तयार पामोलिन, म्हणजे रिफाइंड पाम तेल, आणणं परवडेनासं झालं आणि अर्ध्या क्षमतेनं चालणाऱ्या देशी रिफायनऱ्यांना काम मिळालं. धोरण म्हणून यात गैर काही नाही. फक्त शेतकऱ्यासाठी उभारलेलं संरक्षण शेवटी लाभलं ते रिफायनरीला, एवढं स्पष्ट म्हणायला हवं.

याच्या दोनच दिवस आधी केंद्रीय मंत्रिमंडळानं सोयाबीनचा नवा हमीभाव मंजूर केला होता: ५,३२८ रुपये. ऑक्टोबरात नवा माल आला, तेव्हा खुल्या बाजारातले सौदे पुन्हा त्याच्या खालीच होत होते.