घर माझं, नमुना टंकलेखकाचा

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलं की कुणीतरी म्हणतंच, "अहो, एक कुलमुखत्यारपत्र करून टाका, कटकट मिटेल." भाडेकरू, सोसायटी, तलाठी, सगळीकडे त्यांच्या वतीनं सही करायचा अधिकार, एवढं तुम्हाला ठाऊकच आहे. पण हा अधिकार मुलानं जाऊन आणायचा नसतो, आईनं द्यायचा असतो. त्यासाठी आईला समज हवी. हात थरथरत असला तरी चालेल, पाऊल उचलत नसलं तरी चालेल. समज हवी. पुन्हा सांगतो, समज हवी.

आता आमच्या साताऱ्याकडच्या एका काकूंचं ऐका. वय 84, न्हाणीघरात घसरून मांडीचं हाड मोडलेलं. मूलबाळ नाही. पुतण्या सगळं बघायचा आणि मनापासून बघायचा, त्याच्याबद्दल शंका नको. काकूंच्या नावावर घर, खाली दोन भाडेकरू, त्यातल्या एकानं भाडं थकवलेलं. दावा कोण लावणार, घरपट्टी कोण भरणार, म्हणून मुखत्यारपत्र करायचं ठरलं. पुतण्यानं नोंदणी कचेरीसमोरच्या टंकलेखकाकडून मसुदा करून आणला, डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज दिला आणि कचेरीतले नोंदणी अधिकारी, म्हणजे साहेब, घरी आले. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या 33 व्या कलमात ही सोय आहे बरं का. आजारी माणसाला कचेरीत जावं लागत नाही, अधिकारी घरी येऊन खात्री करून घेऊ शकतो.

साहेब आले तेव्हा खोलीत टीव्ही चालू. आजाऱ्याच्या उशाशी टीव्ही लावायची ही काय पद्धत आहे, मला कधी कळलेलं नाही. समाचाराला आलेली माणसंसुद्धा मालिका बघून, चहा पिऊन जातात. असो. टीव्ही बंद झाला.

साहेब म्हणाले, "आजी, तुमचं नाव?"

"कागदावर नाही का लिहिलेलं?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

काकूंनी स्वतःचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, न विचारता सासऱ्यांचंही सांगितलं.

"कागदात काय आहे, माहीत आहे का?"

"वाचा."

पुतण्या म्हणाला, "काकू, मी सांगितलंय ना तुला."

"तू सांगितलंस. आता साहेब वाचतील."

साहेब वाचू लागले. भाडं वसूल करणे. काकू म्हणाल्या, हं. घरपट्टी भरणे. हं. वकील देणे, दावा चालवणे. हं. "सदरहू मिळकत विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे…"

"थांबा! घर विकायला कुणी सांगितलं?"

पुतण्याचा चेहरा पडला. "अगं, नमुनाच तसा असतो."

खरंच तसाच असतो हो. पण काकू म्हणाल्या, "नमुना टंकलेखकाचा असेल, घर माझं आहे."

साहेबांनी कागद मिटला आणि पुतण्याला म्हणाले, "आजी सांगतात तेवढंच लिहून आणा."

नव्या कागदात भाडं, घरपट्टी आणि दावा, एवढंच. साहेबांनी अंगठ्यासाठी कागद पुढे केला, तर काकू उखडल्या, "मी फायनल पास आहे!" अंगठा सगळ्यांचाच घेतात, अगदी शिकल्यासवरलेल्यांचाही, हे समजावलं तेव्हा म्हणाल्या, "मग आधी सही, नंतर अंगठा." आणि पाठीला उशी लावून घेऊन, वेलांटीसकट पूर्ण नाव लिहिलं. हल्ली सही म्हणजे नुसती एक रेघ ओढतात, आणि बँकेनं ती जुळत नाही म्हटलं की बँकेवर चिडतात.

तर कामं नेमकी लिहा. जेवढं हवं तेवढंच लिहा.

आता थोडं कडू. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, अधिकार देणारा माणूस वारला किंवा त्याचं भान हरपलं, की मुखत्यारी संपते. म्हणजे विस्मरण वाढून व्यवहारच कळेनासा झाला, तर चांगला नोंदवलेला कागदही उपयोगाचा राहत नाही. इंग्लंडमध्ये समज गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तसा कायदा नाही, आणि घरोघरी म्हातारी माणसं असताना तो का नाही, हे कुणीतरी आमदार-खासदारांना विचारायला हवं. माणूस कोमात असेल तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. वेळ जातो, पैसा जातो. म्हणून समज आहे तोवर करा. समज आहे तोवर.

आणि पेन्शन. केंद्र सरकारी पेन्शनचं खातं मुखत्याराला चालवता येत नाही, मुखत्यारपत्र कितीही पक्कं असलं तरी. त्याला वाट वेगळी आहे. बँकेला कळवा. पेन्शनर सही करू शकत नसेल, तर अंगठ्याचा ठसा चालतो, हाताचा जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचासुद्धा. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत याची माहिती नाही म्हणाले, तर व्यवस्थापकांना भेटा, रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे म्हणून सांगा.

नमस्कार.