रबराचा तुकडा आधी मोजा

(जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फलकावर विषय लिहिलाय, ‘जुन्या सेडानसाठी सस्पेन्शनचे सुटे भाग कसे निवडावेत’. हे शीर्षक माझं नाही. मी ‘रबराचा तुकडा’ असं कळवलं होतं. आयोजक म्हणाले, सर, कुणी फिरकणार नाही. म्हणून तुम्ही सुटे भाग निवडायला आला आहात आणि मी रबराबद्दल बोलणार आहे. निवडीचंही सांगतो. शेवटी. वेळ उरला तर.

आधी एक विचारतो. गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापून घेतल्या आहेत असं इथं कोण आहे? एकही हात नाही. मागच्या रांगेतले दोघं एकमेकांकडे बघून हसले ते मला दिसलं. असू दे. मी कापून घेतल्यात, म्हणून विचारलं.

गाडी माझ्या मामांची. पंधरा वर्षं वापरून मला दिली, तेव्हा एवढंच म्हणाले, जपून वापर. मी पहिल्याच महिन्यात तिला ग्राइंडरखाली नेलं. टायर आणि मडगार्डच्या मधली ती चार बोटांची फट मला बघवत नव्हती. मिस्त्रींनी एक डोळा मिटून गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, दीड वेढा काढू. पुढे दीड, मागे दीड. पुढे इंजिनचं वजन, मागे रिकामी डिकी, असले प्रश्न त्यांना पडले नाहीत आणि मलाही पडले नाहीत. संध्याकाळी गाडी मिळाली. काय दिसत होती! मी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या.

मग मामांना फिरवायला नेलं. मामा मागे बसले. पहिल्या गतिरोधकावर ‘ठक्’. मामा गप्प. दुसऱ्यावर ‘ठक्’. मामा गप्प. तिसऱ्यावर म्हणाले, “अरे, खालचं काही सुटलंय का?” मी म्हणालो, “मामा, स्पोर्टी आहे.” मामा म्हणाले, “मग मला इथंच उतरव. मी चालत येतो, मलाही जरा स्पोर्टी वाटेल.”

इथपर्यंत गंमत होती. पुढची गंमत नव्हती. पहिल्या पावसात, गाडीत मी एकटा, समोरच्याने ब्रेक लावला म्हणून मीही लावला, आणि मागची चाकं लॉक होऊन गाडीचं शेपूट बाजूला आलं. काही धडकलं नाही, नशीब. मिस्त्री म्हणाले टायर गुळगुळीत झालेत. टायर बदलले. पुन्हा तेच. म्हणाले ब्रेकचे लायनर. तेही बदलले. पुन्हा तेच! दोन महिने मी ओल्या रस्त्यावर ब्रेकला पाय लावायला घाबरत होतो. शेवटी ब्रेकचंच काम करणारे एक म्हातारे कारागीर गाडीखाली सरकले आणि मागच्या ॲक्सलपासून बॉडीकडे जाणारी एक बारीक सळई हलवून म्हणाले, “गाडीत पोती भरलीत का?”

बऱ्याच जुन्या सेडानमध्ये मागच्या ब्रेकला एलएसपीव्ही, म्हणजे भार बघून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. हा व्हॉल्व्ह वजनकाट्यावर चढत नाही. बॉडी ॲक्सलच्या किती जवळ आली एवढंच त्याला त्या सळईवरून कळतं. जवळ आली म्हणजे मागे माणसं बसली, सामान भरलं, चाकांवर भार वाढला. तर मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडा. मी स्प्रिंग कापून बॉडी कायमची जवळ आणून ठेवली होती. त्या बिचाऱ्याच्या हिशेबात माझी रिकामी गाडी जन्मभर लग्नाला निघाली होती.

त्या मिस्त्रींवर माझा राग दीड वेढ्याचा नाही. मोजलं नाही, याचा आहे. कापलेली स्प्रिंग मऊ होते असं अनेकांना वाटतं. उलट आहे. सरळ, एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतले दीड काढले, साडेचार राहिले, स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक झाली. तारेची जाडी तर चौथ्या घाताने मोजली जाते, पण तिकडे आता गेलो तर परत येणार नाही. शिवाय कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग सैल होऊन फिरते आणि खाली उतरवताना भलत्याच जागी बसते. गॅस कटरने कापली असेल तर उष्णतेनं तिथल्या पोलादाचं पाणी उतरतं, ते वेगळंच.

आता माझा रबराचा तुकडा. बंप स्टॉप. शॉकअबच्या, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या दांड्यावर चढवलेला किंवा ॲक्सलच्या वर लटकणारा, चाक फार वर आलं की त्याला अडवणारा तो ठोकळा. त्याच्यासाठी गाडी कुणी उघडत नाही. जुन्या गाडीत तो दगड झालेला असतो, नाहीतर भुगा होऊन केव्हाच पडून गेलेला असतो. माझं म्हणणं असं की गाडी किती खाली बसवायची हे मडगार्डकडे बघून ठरवू नका, या तुकड्याकडे बघून ठरवा. सगळे वरची फट मोजतात, ही खालची फट कुणी मोजत नाही.

समजा चाकाला वर सरकायला, बंप स्टॉपला टेकेपर्यंत, 80 मिलिमीटर जागा आहे. तुम्ही गाडी 40 ने खाली आणली. राहिली निम्मी. आता खड्डा तोच, वेग तोच. तोच धक्का निम्म्या जागेत स्प्रिंगनेच जिरवायचा तर ती दुप्पट कडक करून भागत नाही. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा सरकण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे चौपट कडक लागते. माझी झाली होती सव्वापटीहून थोडी जास्त. बाकीचा धक्का कुणी घेतला? मामांनी.

बरं, चौपट करू म्हणाल, तर स्प्रिंग चौपट झाली की गाडी हलण्याची लय दुप्पट होते. साधी सेडान सेकंदाला एक ते दीड वेळा हलते, ती दोन-तीनवर जाते. माणसाच्या शरीराला उभे हादरे सर्वांत जास्त जाणवतात ते साधारण सेकंदाला 4 ते 8 च्या पट्ट्यात. आपण त्या दिशेनं निघालेलो असतो, आणि पाठीला हे व्याख्यान न ऐकताही कळतं.

दुसरा एक हिशेब, तो हातानं दाखवतो. दोन्ही हात बाजूला पसरा. शेजाऱ्याला लागू देऊ नका. हे तुमचे लोअर आर्म, चाकाला खालून बॉडीशी जोडणारे दांडे. तळवे म्हणजे चाकं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब एकाच उभ्या खांबात असलेली गाडी धरा. अर्ल मॅकफर्सनची ही रचना 1950 साली फोर्डच्या कॉन्सलमध्ये आली आणि पुढे निम्म्या जगाच्या गाड्यांत जाऊन बसली. आता गाडी खाली बसवा, म्हणजे खुर्चीत घसरा, तळवे होते तिथेच ठेवा. हात खांद्यापासून बाहेर वर चढले ना? आर्म असा उलटा झाला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली जातो. वजनाचा मध्य 30 मिलिमीटर उतरला आणि कलण्याचा बिंदू त्याहून जास्त, म्हणजे दोघांतलं अंतर वाढलं. वळणावर कमी कलावी म्हणून खाली बसवलेली गाडी जास्त कलायला बघते. हात खाली घ्या. काका, तुम्हीसुद्धा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. नाही, पाच लिहिलंय.

मग भरभर. गाडी सपाट जागेवर, हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा मधे येते. जुनी स्प्रिंग आधीच बसलेली असते, त्यामुळे ‘30 मिलिमीटर खाली’ अशी जोडी आणली तर गाडी जेमतेम दहाने उतरेल, क्वचित वरही जाईल. दुकानदाराशी भांडू नका, त्याचे 30 नव्या गाडीपासूनचे असतात.

शॉकअब आधी निवडा, स्प्रिंग नंतर. कमी लांबीच्या बॉडीचा घ्या, नाहीतर दांडा आतल्या आत तळाला आपटतो. स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक केली तर तोच ताबा राखायला शॉकअबही साधारण 15 टक्के घट्ट लागतो. जुना, तेल सुटलेला शॉकअब आणि नवी कडक स्प्रिंग, ही जोडी लावून कुणी माझ्याकडे येऊ नये. नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी बघा: चाक पूर्ण लोंबकळलं तरी ती वाटीत घट्ट राहिली पाहिजे. बंप स्टॉप फोमचा, थोडा आखूड घ्या. मात्र तो दाबला गेल्यावर टायर वर घासत नाही ना, हे स्प्रिंग काढून, चाक जॅकने वर नेऊन बघा. माझ्या मते रोजची सेडान 25-30 मिलिमीटर खाली आणली तरी पुरे. त्यापुढे जायचं तर बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाचा सांधा, खाली आणणारे भाग घ्या आणि टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा, तोही त्याच मापाने खाली आणा, नाहीतर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं.

कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग अंगावरच चढवलेला, उंची बदलता येणारा शॉकअब? ज्यात खालचा ब्रॅकेट आट्यांवर फिरून पूर्ण लांबी बदलते तो बरा. नुसती स्प्रिंगखालची कॉलर फिरवून सरळ स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर-खाली होते. आणि आट्यांना ग्रीस लावा, वर्षानं फिरवायला जाल तेव्हा मला आठवाल.

अलाइनमेंटमध्ये कॅम्बरला, म्हणजे समोरून बघता चाकाच्या तिरकेपणाला सगळे घाबरतात, पण टायर खातो तो टो, म्हणजे वरून बघता चाकाचा आत-बाहेर वळलेला रोख. मागे पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला बॉडीशी जोडणारा आडवा दांडा असेल तर गाडी खाली आणली की ॲक्सल एका बाजूला सरकतो, लांबी बदलता येणारा रॉड घ्या. एलएसपीव्हीची सळई नव्या उंचीला, कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे सेट करून घ्या. ती कशी सेट करायची हे ज्याला माहीत नाही, त्याला गाडीला हात लावू देऊ नका.

एक मिनिट, उठू नका. लोअर आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना शेवटचे आवळू नका. आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. हवेत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आधी सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून सोडा, मग आवळा.

हो हो, झालं. हेडलाइट राहिले. पुढचं-मागचं सारखं उतरलं नसेल तर प्रकाशाचा रोख बदलतो. मागून जास्त उतरली असेल तर तो थेट समोरच्याच्या डोळ्यात. स्क्रू कुठं असतो ते बाहेर विचारा, माझी गाडी दारातच उभी आहे. उंच दिसते तीच.