ठणका थांबला, म्हणजे दाढ बरी झाली?

श्रोते हो, नमस्कार.

आमच्या सांगली-मिरज भागातल्या दंतवैद्यांना एक वाक्य पाठच झालेलं असतं. "डॉक्टर, मागच्या आठवड्यात दाढ लई ठणकत हुती, पण आता थांबलीया. बाजाराला आलोच हुतो, म्हटलं दाखवून जावं." सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं आणि आमच्या कपाळावर आठी. कारण रात्र-रात्र जागवणारी दाढ उपचाराशिवाय एकाएकी गप्प झाली, तर बरेचदा आतला गर मेलेला असतो. दुखायला आत कुणी उरलेलंच नसतं.

हा गर म्हणजे पल्प. दात बाहेरून कितीही टणक असला तरी त्याच्या पोटात ही मऊ, गुलाबी, जिवंत वस्तू असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, पेशी असतात. आकार विचाराल तर मोठ्या माणसाच्या बत्तीसही दातांतला गर एकत्र केला तरी अर्धा मिलिलिटर भरत नाही. पण दाताचा मोठा भाग घडवला तो यानंच. गराच्या कडेनं ओडोंटोब्लास्ट नावाच्या पेशींची रांग असते. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, त्याच्या खालचा पिवळसर थर, म्हणजे डेंटिन, त्या पेशी तयार करतात आणि पुढेही आयुष्यभर थोडा थोडा वाढवत राहतात. म्हणून आजोबांच्या एक्सरेत गराची पोकळी नातवापेक्षा बारीक दिसते.

डेंटिन भरीव वाटतं, पण त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात. गराजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये 40,000 हून जास्त. नळ्यांमध्ये द्रव असतो. बर्फ घातलेला उसाचा रस दाताला लागला की तो द्रव हलतो, आतले तंतू जागे होतात आणि कळ मस्तकात जाते. स्वीडनच्या ब्रेनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं.

कीड लागल्यावर जंतूंचं आम्ल आणि विष याच नळ्यांतून आत झिरपतं. गर हात बांधून बसत नाही. कीड सावकाश वाढत असेल तर तो आतून नवं डेंटिन रचतो आणि स्वतः मागे सरकतो. कीड वेगानं आली तर मात्र त्याला सूज येते, आणि खरी अडचण इथे आहे. गराची जागा हरिपूरच्या हळदीच्या पेवासारखी असते: चहूबाजूंनी बंद आणि तोंड अरुंद, फक्त इथे ते तोंड मुळाच्या टोकाला. बोट सुजलं तर फुगतं, गराला फुगायला जागाच नाही. आतला दाब वाढतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा जोर वाढतो, म्हणून ठणका रात्री जास्त.

पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की असा दाब चढला की अख्खा गर गुदमरून मरतो. ते तितकंसं खरं नाही. सूज बरेचदा किडीजवळच्या कोपऱ्यात असते आणि मुळांतला गर धडधाकट असतो. 1965 साली अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून गर उघडा टाकला. साध्या उंदरांचा गर कुजला. जंतूमुक्त पेटीत वाढवलेल्या उंदरांच्या गरानं मात्र भोकाखाली डेंटिनचा पूल बांधला. गर उघडा पडल्यानं मरत नाही, जंतूंनी मरतो.

त्यामुळे हल्ली दाढ उघडली की आम्ही आधी रक्त बघतो. सुजलेला भाग काढून, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकात भिजवलेला कापूस काही मिनिटं दाबून धरायचा. रक्त थांबलं, खाली ओलसर गुलाबी गर दिसला, तर वर कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट बसवून बाकीचा गर जिवंत ठेवता येतो. रक्त थांबतच नसेल किंवा आत काळपट, वास मारणारं काही असेल, तर रूट कॅनॉल. गार लागून आलेली कळ क्षणात जाते, तोवर बहुधा फिलिंगवर भागतं. ती मिनिटभर रेंगाळू लागली की वाट बघण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे या मधल्या काळात दाढेखाली लवंग धरतात. तिच्यातलं युजेनॉल थोडा वेळ बधिर करतं, कीड तिथेच राहते. मिशेरी दाबणाऱ्या मावशींना मी रागावतो, आणि मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेणाऱ्या त्यांच्या शिकलेल्या मुलांना जास्त रागावतो. नुसत्या सुजलेल्या गराच्या ठणक्यावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

आता गर नव्यानं उगवतो का? लहान मुलांत, काही प्रमाणात. पुढचा कायमचा दात सातव्या-आठव्या वर्षी येतो, पण मुळाचं टोक पूर्ण व्हायला आणखी सुमारे तीन वर्षं लागतात. तोवर पोरगं सायकलवरून पडलं आणि गर मेला, तर मूळ अर्धवट, पातळ राहतं. अशा दाताची पोकळी साफ करून, मुळाच्या टोकापलीकडे मुद्दाम रक्त काढून आत गाठ धरू देतात. तिथल्या मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या स्टेम सेल, आत शिरतात आणि पुष्कळदा मूळ वाढतं, जाड होतं. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली आतली वाढ बरेचदा हाडासारखी किंवा मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरासारखी निघते, खऱ्या गरासारखी नाही.

मूळपेशी अक्कलदाढेच्या गरात 2000 साली आणि दुधाच्या दातांत 2003 साली सापडल्या. जपान-चीनमध्ये त्या माणसाच्या दातात घालूनही पाहिल्या आहेत. तेव्हापासून पालक विचारतात, "पोराचे दुधाचे दात पैसे भरून साठवून ठेवू का?" माझं मत विचाराल तर नको. आपल्या गावातल्या दवाखान्यात आज त्यातून होणारा उपचार नाही. त्याऐवजी सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांमागे येणारी दाढ दाखवून आणा, तिच्या खाचा सील करून घ्या. एकही दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून घरात तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडून दुसरी येणारी नसते.

नमस्कार.